कापसाच्या खोलीतला हुंकार

माईक या वस्तूला मी घाबरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अर्धं आयुष्य दारव्ह्याच्या बसस्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून मी गाड्या पुकारल्या. माझ्या आवाजात अशी जरब होती, की आर्णीला निघालेली माणसं मुकाट्यानं उठून दिग्रसच्या गाडीत बसत आणि दिग्रसला उतरल्यावर त्यांना शंका येई. म्हणून पॉडकास्टचा विषय निघाला तसा मी मंदिराच्या ओट्यावर, सप्ताहाच्या अख्ख्या कमिटीपुढं म्हणालो, "रेकॉर्डिंग माझ्यावर सोपवा. त्याच्यात बिघडण्यासारखं आहे काय?"

हे वाक्य आता आमच्या बोरी अरबमध्ये म्हणीसारखं चालतं. कोणाच्या मोटरपंपानं धूर सोडला, की शेजारचा बांधावरून माझं नाव घेऊन विचारतो, "काहून, उत्तमसिंगले बोलावलं होतं का?"

पण आधी हंसायाडी. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. माझी सख्खी नव्हे, पण अख्खा तांडा तिला याडी म्हणतो आणि ती सगळ्यांना भिया, म्हणजे भाऊ. मी नोकरीमुळं गावात घर बांधलं, हंसायाडी अजून तांड्यातच राहते. वय झालंय, गुडघे कुरकुरतात, पण कीर्तनाला उभी राहिली की गुडघ्यांचीही बोलायची हिंमत होत नाही. कीर्तनं मी पुष्कळ ऐकली. कीर्तनापायी मी लग्नाची जेवणं सोडली आहेत. एकदा सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाचंही सोडलं आणि ते प्रकरण आमच्या घरात अजून मिटलेलं नाही. पण हंसायाडीनं टाळ उचलला, की देव गाभाऱ्यातून उठून पहिल्या रांगेत मांडी घालून बसतो, असं मला खरंच वाटतं.

आणि आमची कमिटी तिला दरवर्षी काय देते? चौथ्या दिवसाची दुपार. चैत्रातली, जेवणानंतरची. मंडपात निम्मे लोक आडवे आणि उरलेले आडवे व्हायच्या बेतात. काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचा कळस. शेवटच्या दिवशी दहीहंडी, महाप्रसाद, पंचक्रोशीतली माणसं, सगळा मान त्या एका कीर्तनाचा. ते जातं बाहेरच्या महाराजांकडं. ते मोटारीतून येतात, मध्ये मध्ये घड्याळ पाहत कीर्तन करतात आणि हंडीचं दही वाळायच्या आत निघून जातात.

"यंदा काला हंसायाडीला द्या," मी म्हणालो.

कमिटीचे अध्यक्ष पुंडलिकराव. वीणाही त्यांच्याकडंच असते, त्यामुळं त्यांना वाटतं सप्ताहही त्यांच्याच गळ्यात अडकवलेला आहे. ते म्हणाले, "गावची बाई गावातच असते जी. काल्याले बाहेरचं नाव लागते. पत्रिका वाचून दहा गावची माणसं आली पाह्यजे."

"आणि तिचं नाव बाहेर गेलं तर?"

"कुठं?"

"पुण्याच्या पॉडकास्टवर."

उर्वशी ही मूळची केळापूरची मुलगी, माझ्या भाचीची मैत्रीण. पुण्यात राहून गावोगावच्या गाणाऱ्या बायांच्या मुलाखती फोनवरून घेते आणि जगाला ऐकवते. हंसायाडीबद्दल मी तिला इतकं सांगून ठेवलं होतं, की शेवटी तिनंच हात टेकले.

पुंडलिकरावांनी मान हलवली. "ठीक आहे. ते रेकॉर्डिंग कमिटीले ऐकवा. चांगलं झालं तर काला हंसाबाईचा, माहा शब्द. नाही झालं तर महाराजायले फोन करतो. पत्रिका छापाले द्याची आहे."

म्हणजे हंसायाडीचा काला आता माझ्या हातात होता. म्हणूनच ते वाक्य बोललो.

उर्वशीनं सूचना दिल्या. खोली शांत पाहिजे. पंखा बंद. इअरफोन लावा. "आणि काका, खोलीत मऊ सामान असू द्या. गाद्या, पडदे, असं काही. म्हणजे आवाज घुमत नाही. ॲपमधलं एकही बटण हलवू नका, मी इथून सगळं लावून ठेवलंय."

मऊ सामान! पुण्यात राहून मऊ म्हटलं की गादी सुचणार. मी यवतमाळ जिल्ह्यातला माणूस. गादीच्या आत काय असतं ते आमच्या शेतात उगवतं. आणि भाव वाढेल, भाव वाढेल म्हणून पुंडलिकरावांनी आपल्या घरातली मधली खोली अर्ध्या भिंतीपर्यंत कापसानं भरून ठेवली होती.

"पुंडलिकराव, कापसाची खोली द्या."

"कायले?"

"रेकॉर्डिंगला. त्याच्यापेक्षा मऊ जागा जिल्ह्यात नाही."

पुंडलिकरावांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं डॉक्टर रिपोर्टकडं पाहतात. "घ्या. पण मी तिकडं फिरकत नसतो. अन् कापूस तुडवू नका, त्याचा भाव याचा आहे."

ठरल्या दिवशी हंसायाडी आली. तिच्यामागून मृदंग घेऊन हरिसिंग आला आणि त्याच्यामागून टाळ घेतलेल्या तांड्यातल्या बाया.

"याडी, मुलाखत आहे. तुला एकटीला बोलावलं होतं."

"एकटं माणूस रडते, भिया. कीर्तन एकट्यानं होते का?"

मी सगळ्यांना कापसात बसवलं. दाराशी जरा मोकळी फरशी होती, तिथं हंसायाडी उभी राहिली. हरिसिंग ढिगाऱ्यावर बसला तो हळूहळू खाली जाऊ लागला. पुढं पुढं मृदंग आणि मिशा तेवढ्या दिसत राहिल्या.

इअरफोनची वायर दोन तोंडांची. एक तोंड हंसायाडीच्या कानात घातलं. दुसरं माझ्या कानात, कारण उर्वशीनं काही विचारलं तर मध्ये जाणता माणूस नको? वायरीवर माईकचा बारीक मणी असतो. तो माझ्या हनुवटीखाली लोंबत होता. मी तो पाहिला आणि मला तो ओळखीचा वाटून बरंही वाटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून पुंडलिकरावांची म्हैस ओरडली.

ॲपमध्ये एक बटण होतं, आजूबाजूचा गोंगाट काढून टाकायचं. त्याला कमी-जास्त करायची पट्टीही होती. उर्वशी म्हणाली होती बटण हलवू नका. पण ते म्हैस न ऐकलेल्या माणसाचं मत होतं. मी पट्टी सरकवत सरकवत पार टोकाला नेली. काम करायचं तर अर्धवट कशाला?

"नमस्कार आजी," कानात उर्वशी म्हणाली. "तुम्ही सुरू करा. तुमच्या बोलण्यात माझा आवाज नको म्हणून मी माझा माईक बंद ठेवते. मला इथं तुटक ऐकू आलं तरी काळजी करू नका. तुमच्या फोनमध्ये नीट रेकॉर्ड होतं आणि मग ते आपोआप माझ्याकडं येतं."

मी सगळ्यांकडं पाहून ओठांवर बोट ठेवलं. गाण्याखेरीज कोणी हूं की चूं करायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं.

"लमाणाचा तांडा मिठाच्या गोण्या लादून चालला होता," हंसायाडी म्हणाली. आणि थांबली.

शांतता.

"पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा होती." परत थांबली. फोनकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "गेली का पोट्टी?"

"आहे आजी, ऐकतेय," उर्वशी घाईनं म्हणाली.

"मंग हूं म्हण ना, बाई."

"मी माईक बंद ठेवलाय, आजी, म्हणजे तुमचं—"

"तू बंद, हे बंद." तिनं आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. बाया ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. "मी मुडद्यायले कीर्तन नाही सांगत, भिया."

यात तिची चूक नव्हती. आमच्याकडं कथा सांगणाऱ्याला हुंकार लागतो. एक वाक्य झालं की ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं. हूं आला नाही, तर ऐकणारा झोपला तरी किंवा मेला तरी. दोघांपुढंही कथा सांगत नाहीत. आता पुण्याची पोरगी हूं म्हणणार नाही, बायांचं तोंड मीच बंद केलेलं, मग खोलीत माईकची सवय असलेलं माणूस उरलं कोण?

"सांग याडी," मी म्हणालो. "हूं मी देतो."

आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं. पुढचे बैल घंटा ऐकतात, मागचे पुढच्यांची चाल ऐकतात, लमाणाचा तांडा डोळ्यांनी नाही, कानांनी चालतो. हूं. एका रात्री जंगलात घंटा तुटून पडली. हूं. सगळे बैल जागच्या जागी उभे. नायकानं ओरडून पाहिलं, मारून पाहिलं, एक पाय उचलेना. हो. मध्येच ती पद म्हणायची, बाया टाळ उचलायच्या, हरिसिंगची बोटं कापसातून वर येऊन मृदंगावर पडायची. वा, याडी.

त्यानंतर खाज सुटली.

साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी पुण्याच्या बुद्धीनं चाललो होतो. पहिल्यांदा माझी मान, मग पाठ, मग जिथं हात पोचत नाही ती जागा. बाया एक टाळ वाजवायच्या आणि एकदा खाजवायच्या. दोन थापांच्या मध्ये हरिसिंगलाही खाजवायला वेळ लागायचा, तो भरून काढायला तो पुढची थाप दुप्पट वेगानं मारायचा. लय अशी चढली, की तशी लय मी मोठ्यामोठ्या सप्ताहात ऐकली नाही. हंसायाडी तेवढी स्थिर. तिला किडे चावत नव्हते की चावलेले कळत नव्हते, तो पांडुरंगच जाणे.

तो गजर ऐकून दार उघडलं. दारात पुंडलिकराव. "कापूस तुडवू नका म्हटलं होतं ना" हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. पण ते उंबऱ्यावरच थबकले. त्यांच्यापुढं सगळी मंडळी अंगात आल्यासारखी डोलत होती आणि हंसायाडी सांगत होती, की तांड्याच्या अगदी मागं एक म्हातारी चालत होती, कडेवर नातू, नातू रडत होता म्हणून ती गुणगुणत होती. ते गुणगुणणं सगळ्यात मागच्या बैलानं ऐकलं. तो तिच्याकडं वळला. मग त्याच्या पुढचा वळला. करत करत अख्खा तांडा उलटा फिरला आणि मागच्या वाटेनं चालू लागला. सकाळी परत येऊन पाहतात तर काय, काल जिथं थांबले होते त्याच्या पुढं दोन पावलांवर दरी.

"देव पुढंच चालते, असं तुले कोणं सांगतलं?" हंसायाडी म्हणाली. "कधी कधी तो मांगून बोलावते."

पुंडलिकराव कधी माघारी गेले आणि खुंटीवरची वीणा घेऊन कधी आले, मला कळलं नाही. ते वीणा घेऊन तिच्यामागं उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. उर्वशीलाही कळावं म्हणून मी हळूच म्हणालो, "पाहा, पाहा, पुंडलिकराव रडून राह्यले. बाहेरचं नाव पाह्यजे म्हणत होते!"

कीर्तन संपलं. पुंडलिकरावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "कापूस गेला डोळ्यात."

मी त्या दिवशी घरी गेलो तो विमानातून गेल्यासारखा. अंगाला खोबरेल चोपडत होतो आणि डोळ्यांपुढं पत्रिका दिसत होती.

चार दिवसांनी उर्वशीचा निरोप आला. सोबत रेकॉर्डिंग होतं. निरोपात लिहिलं होतं, "काका, आधी एकट्यानं ऐका आणि मग मला फोन करा."

एकट्यानं? केळापूरची पोरगी पुण्यात जाऊन इतकी बदलली? कीर्तन कोणी एकट्यानं ऐकतं का? मी तडक मंदिरात गेलो. कमिटी पत्रिकेचा मजकूर ठरवत बसली होती. हंसायाडीलाही बोलावणं धाडलं, ती येऊन खांबाशी बायांत बसली. आणि चांगलं काम सगळ्या गावाला कळावं म्हणून मी फोन मंदिराच्या भोंग्याला जोडला. कोणी मदतीला येत होतं, त्याला म्हणालो, "राहू दे. माझं आयुष्य गेलं याच्यात."

भोंगा खरखरला. गाव कान देऊन बसलं.

"सांग याडी, हूं मी देतो," भोंगा म्हणाला. आवाज माझा. इतका स्वच्छ, की मीच खूश झालो.

मग शांतता.

"हूं."

शांतता.

"हूं."

कमिटीतला उकंडा माझ्याकडं पाहू लागला. मी हातानं त्याला दम धरायला सांगितलं.

"हो," भोंगा म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. "वा, याडी." परत काही नाही. "आई गं... हरिसिंग, जरा माह्या पाठीत... अजून खाली... हूं."

मशीननं काम चोख केलं होतं. मृदंग काढला होता, टाळ काढले होते, म्हैस काढली होती, आणि माझ्या हनुवटीपासून वायरभर लांब उभी असलेली हंसायाडी तर मुळासकट काढली होती. खोलीतलं माणूस म्हणून त्याला एकट्या माझी ओळख पटली, बाकी सगळा गोंगाट.

"याच्यात हंसाबाई कुठं आहे जी?" उकंडानं विचारलं.

"ऐकत असन," मागून कोणीतरी म्हणालं.

आणि मग, कोणी सावध व्हायच्या आत, भोंग्यानं दाही दिशांना जाहीर केलं: "पाहा, पाहा, पुंडलिकराव रडून राह्यले. बाहेरचं नाव पाह्यजे म्हणत होते!"

बाजारात तराजू थांबले म्हणतात. मंदिरातल्या सगळ्या माना पुंडलिकरावांकडं वळल्या. त्यांचा चेहरा सुकलेल्या मिरचीसारखा झाला.

"कापूस गेलता डोळ्यात," ते म्हणाले.

बाया पदराआड हसल्या. तिथंच बिघडलं. पुंडलिकरावांनी खिशातून फोन काढला. "रेकॉर्डिंग काही झालं नाही. शब्द तो शब्द. महाराजायले फोन लावतो."

मी काही बोलायला तोंड उघडलं. निघाला फक्त "हूं".

तेव्हा खांबाजवळून हंसायाडी उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. मला वाटलं आता ती मला बोलेल, आणि माझी तयारीही होती. पण ती भोंग्याच्या वायरीपाशी आली आणि म्हणाली, "पह्यल्यापासून लाव, भिया."

"याडी, त्याच्यात तू नाहीस."

"म्या इथं आहो ना."

मी पहिल्यापासून लावलं. "सांग याडी, हूं मी देतो," भोंगा म्हणाला.

"लमाणाचा तांडा मिठाच्या गोण्या लादून चालला होता," हंसायाडी म्हणाली.

"हूं," भोंगा म्हणाला.

"पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा होती."

"हूं."

माझ्या अंगावर काटा आला, आणि या वेळी किड्यांचा नव्हता. तिचं प्रत्येक वाक्य माझ्या दोन हुंकारांमधल्या जागेत नेमकं बसत होतं. इतकी वर्षं चौथ्या दिवसाच्या दुपारी झोपलेल्या माणसांपुढं सांगून सांगून तिची चाल अशी पक्की झाली होती, की ती कापसात सांगो की दगडात. पद आलं तिथं भोंगा गप्प झाला आणि मंदिरातल्या बायांनी ते उचललं. भोंगा म्हणाला, "आई गं... हरिसिंग, जरा माह्या पाठीत," तशी हंसायाडी क्षणभरही न अडखळता म्हणाली, "असं नायक बोलला. त्याच्याही पाठीले गोणी रुतली होती." लोक हसले, आणि हसता हसता पुढं सरकले.

तिकडं पुंडलिकरावांचा फोन लागला होता. पलीकडून महाराजांचा माणूस "हॅलो, हॅलो, कोण बोलून राह्यलं?" विचारत होता. पुंडलिकराव फोन कानाशी धरून हंसायाडीकडं पाहत होते.

"अन् तांड्याच्या पार मांगं एक म्हातारी चालत होती," हंसायाडी म्हणाली.

"हूं," पुंडलिकराव फोनमध्ये म्हणाले, फोन बंद केला आणि वीणा घ्यायला उठले.

पत्रिका छापून आली. काल्याचं कीर्तन, हंसाबाई. उर्वशीनं मला फोनवर चार शब्द सुनावले, त्यातला बटणाबद्दलचा भाग मी इथं देत नाही. काल्याला ती स्वतःचं मशीन घेऊन आली आणि मला त्या मशीनपासून भल्या अंतरावर बसवून गेली.

काल्याला मंडप भरून माणसं बाहेर उन्हात उभी होती. मी आंघोळ करून, नवं धोतर नेसून, घसा खाकरत हंसायाडीपाशी गेलो. "याडी, हुंकार द्यायला कुठं बसू?"

ती जरा अवघडली. मग मायेनं म्हणाली, "तू मांगं बस, भिया. ते रेकॉर्डिंगच लावू. मले त्याची सवय झाली."

म्हणून मी शेवटच्या रांगेत बसलो. पुढं भोंग्यावर मी हूं म्हणत होतो आणि मागं मी गप्प होतो. म्हातारीचं गुणगुणणं आलं, तांडा वळला, दरी आली. आणि भोंग्यानं न चुकता पुकारलं, "पाहा, पाहा, पुंडलिकराव रडून राह्यले."

सगळ्या मंडपानं पाहिलं. पुंडलिकराव वीणा घेऊन उभे होते आणि खरंच रडत होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि सवयीनं म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. कापूस तर त्यांनी मागच्याच आठवड्यात विकला होता.